जुन्या मारुती 800 चं ऑईल गळायचं थांबत नाही: पॅकिंग बदलण्याआधी काय बघायचं

चार वर्षांत टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग दोनदा बदललं, चेंबरचं (खालच्या तेलाच्या भांड्याचं) पॅकिंग एकदा बदललं, आणि दर वेळी दोन-तीन महिन्यांनी गाडीखाली पुन्हा तेलाचा डाग. शेवटी एका गॅरेजमध्ये सांगितलं, "मागचं क्रँक सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." (क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा दांडा, आणि हे सील त्याच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला तेल अडवतं.) गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. गळती थांबली ती एक नळी आणि एक रबरी रिंग बदलून. तुमच्याकडेही अशी जुनी गाडी असेल आणि पॅकिंगवर पॅकिंग बदलणं चालू असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी सविस्तर लिहितेय.

गाडी 1998 ची, कार्ब्युरेटरची, केए 22 म्हणजे बेळगाव पासिंग. बाबांनी घेतली होती. ते गेल्यापासून मी चालवते. तीन सिलिंडरचं 796 सीसी इंजिन, ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. 2013, 2018 आणि 2023 असं तीनदा रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं. गाडी विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे, म्हणून दुखणं मुळातूनच काढायचं होतं.

तिचा वापर कसा आहे तेही सांगते, कारण निदानाची पहिली खूण तिथेच होती. रोज अनगोळच्या घरातून शाळेपर्यंत तीन किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. महिन्यातून एखाद्या रविवारी निपाणीला मावशीकडे. सुट्टीत जांबोटीच्या बाजूला शेतावर. एवढंच.

डाग कधी पडतो?

शाळेतून आल्यावर गाडीखाली काही नसायचं, फार तर एखादा थेंब. निपाणीहून आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर भाकरीएवढा डाग. आईचा जीव त्या शहाबादी फरशीत. तिथेच बाजूला ती सडा घालून रांगोळी काढते, आणि तेलावर रांगोळीची रेघ धरत नाही. डिटर्जंट, राख, लिंबू, सगळं करून झालं. "गाडीला काहीतरी कर बाई, नाहीतर रस्त्यावर लाव," असं ती म्हणायची. मी गॅरेजला जायचे, पॅकिंग बदलून यायचे.

निपाणीच्या वाटेवर काकती सोडलं की वंटमुरीचा घाट, आणि निपाणीच्या तोंडाशी तवंदीचा घाट. हमरस्त्यावर ही छोटी गाडी ऐंशीनं पळते तेव्हा इंजिन जोरात फिरत असतं, चढाला त्याच्यावर लोड येतो. गळती फक्त अशा प्रवासानंतर वाढत असेल आणि गावातल्या गावात जवळजवळ नसेल, तर तेल नुसतं ओघळत नाहीये, आतून कुणीतरी ते ढकलतंय असं समजा. साधं पॅकिंग फाटलं असेल तर ते गावातही गळतं. मला ही गोष्ट कुणी विचारली नाही आणि मीही कुणाला सांगितली नाही. गॅरेजला जाताना "तेल गळतंय" एवढंच सांगू नका. कधी गळतं, किती चालवल्यावर, चढानंतर की उभ्या उभ्या, गरम असताना की रात्रभर थंड झाल्यावर, हे वहीत लिहून न्या.

ते इंजिन ऑईलच आहे ना?

हे दोन मिनिटांत होतं. रात्री गाडीखाली जुना पेपर किंवा पुठ्ठा पसरा, उडू नये म्हणून कडेला दगड ठेवा, आणि पुढच्या चाकांची जागा पेनानं खुणावून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडला ते चाकाच्या हिशोबानं कळतं. तपकिरी किंवा काळं, बोटाला गुळगुळीत, ते इंजिन ऑईल. जास्त दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑईल. हिरवट पाण्यासारखं आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. पातळ, फिकट आणि चाकाजवळ पडलेलं असेल तर ब्रेक ऑईल असू शकतं. ते असेल तर गाडी हलवूच नका, मिस्त्रींना घरी बोलवा. एसीच्या गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी म्हणजे नुसतं पाणी.

त्याच सकाळी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची दांडी, तीही बघा. गाडी सपाटीवर, इंजिन थंड किंवा बंद करून दहा मिनिटं झालेली. दांडी एकदा पुसून, पुन्हा घालून मग वाचायची. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर तेही गळतीचं कारण होतं. गळतंय म्हणून प्रत्येक वेळी अर्धा लिटर ओतत गेलं की क्रँक त्या तेलात फिरून फेस करतो, आतला दाब वाढतो, आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. दोन खुणांच्या मध्ये तेल असलं की पुरे.

धुतल्याशिवाय निदान नाही

इथून पुढचं मला उद्यमबागेतल्या एका वयस्कर मिस्त्रींनी शिकवलं. बॉनेट उघडून त्यांनी पाच मिनिटं हातच लावला नाही, नुसता टॉर्च फिरवत राहिले. मग म्हणाले, "ताई, तेल दिसूलंय खाली खरं, येऊलंय वरनं."

आमच्या बोलीतलं हे "खरं" म्हणजे "पण". तेल उंचावरून निघतं, ब्लॉकच्या अंगावरून ओघळतं, गाडी धावताना वाऱ्यानं मागे फेकलं जातं, आणि सगळ्यात खाली चेंबरच्या कडेला येऊन लोंबतं. थेंब तिथे दिसतो म्हणून चेंबरचं पॅकिंग बदललं जातं. माझं बदललं गेलं ते असंच.

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट दाखवली ती जांबोटी-खानापूरकडे गाडी नेणाऱ्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे. आपल्याकडची तांबडी माती तेलावर चिकटते. जिथे ती वाळून कडक खपली झाली आहे, तिथली गळती जुनी आणि बहुतेक थांबलेली. जिथे माती ओल्या चिखलासारखी आहे, ती वाट आजही चालू आहे. आणि जिथून तेल ताजं निघतं तिथे माती टिकतच नाही, ती जागा धुतल्यासारखी चकचकीत दिसते. माझ्या इंजिनवर चेंबरच्या कडेला जाड कोरडी खपली होती. चकचकीत पट्टा होता तो टॅपेट कव्हरच्या कडेपासून गिअरबॉक्सच्या बाजूनं खाली उतरत गेलेला.

पण खात्री धुतल्यावरच होते. थंड इंजिनवर डिझेल किंवा डिग्रीझर ब्रशनं लावा, पंधरा मिनिटं मुरू द्या, मग बारीक धारेच्या पाण्यानं धुवा. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणारा भाग), कार्ब्युरेटरचं तोंड आणि अल्टरनेटर यांना आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या घट्ट बांधा. वॉशिंग सेंटरची जोराची धार थेट डिस्ट्रिब्युटरवर मारली तर दुसऱ्या दिवशी गाडी चालूच होणार नाही. डिझेल वापरलं असेल तर ते पूर्ण धुऊन वाळेपर्यंत इंजिन चालू करू नका.

वाळल्यावर संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा. मी मुलाची पावडर वापरली, मऊ ब्रशनं झटकत गेले. मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणा, जमलं तर थोडा चढ असलेल्या रस्त्यानं. बंद केल्यावर थंड होऊ द्या आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पांढऱ्या पावडरवर तेलाची ओली रेघ उठून दिसते. रेघेचं सगळ्यात वरचं टोक धरा. दुखणं तिथे आहे, खालचं सगळं वाहून आलेलं.

घाई करून एकदम पन्नास किलोमीटर जाऊ नका. तेवढ्यात सगळीकडे तेल पसरतं आणि पावडरचा लगदा होतो. पहिल्यांदा माझं तसंच झालं, पुन्हा धुवावं लागलं.

फुग्याची परीक्षा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा आहे आणि नेमका हाच कुणी करत नाही.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूचा थोडा भाग त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतोच. गॅरेजमध्ये याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. या वायूला बाहेर जायला वाट ठेवलेली असते: टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी ब्रीदरची नळी. इंजिन ती वाफ परत आत ओढून जाळून टाकतं. ही वाट बंद झाली की आतला वायू सील आणि पॅकिंग ढकलायला लागतो. नवीन पॅकिंग दोन-तीन महिने दम धरतं, मग तेही हार मानतं. पॅकिंग खराब नव्हतंच, त्याच्यावर दाब होता.

मिस्त्रींनी विचारलं, "घरात फुगा आहे का?" मुलाच्या वाढदिवसाचे दोन-तीन फुगे डिक्कीत पडले होते. त्यांनी डिपस्टिक बाहेर काढली, तिच्या नळीच्या तोंडावर लाल फुगा ओढून बसवला आणि मला गाडी चालू करायला सांगितलं. इंजिन आयडलवर. आधी फुगा तसाच लोळलेला होता. मग हळूहळू त्याचं तोंड सरळ झालं, अंगावरच्या सुरकुत्या गेल्या, आणि मिनिटभरात तो लिंबाएवढा होऊन नळीवर उभा राहिला. ॲक्सिलरेटर थोडा दाबला तसा संत्र्याएवढा झाला. मिस्त्री त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघा, हेच सगळं तुमच्या पॅकिंगला ढकलूलंय. तुम्ही नवीन घाला की, नको कोण म्हणूलंय? खरं आतल्या हवेला वाट कुठंय?"

चार वर्षांचं कोडं त्या लाल फुग्यात दिसलं. मी मुलांना विज्ञान शिकवते, हवेचा दाब शिकवताना बाटली आणि फुगा घेऊन प्रयोग करून दाखवते. त्या दिवशी तोच प्रयोग माझ्याच गाडीवर बघितला, आणि आता वर्गात या फुग्याची गोष्ट सांगते.

ही परीक्षा घरी करता येते. पंखा आणि पट्ट्यापासून ओढणी, बाही, केस लांब ठेवा. फुगा गरम मॅनिफोल्डला लागू देऊ नका. काही इंजिनांत डिपस्टिकची नळी खाली तेलात बुडालेली असते, तिथे ही खूण फसवी ठरते. तसं वाटलं तर एअर क्लीनरकडचं ब्रीदरच्या नळीचं टोक काढून तिथे तळहात धरा. मंद वाफ येणं ठीक. ढुसक्या मारत धूर येत असेल तर रिंगांचा विचार करावा लागेल. आणि टॅपेट कव्हरच्या बाजूनं वायू असताना नळीच्या या टोकाला काहीच येत नसेल, तर नळी मध्येच तुंबलेली आहे.

नळीत काय सापडलं

नळी काढली तेव्हा दोन दोष एकत्र निघाले.

पहिला, ती मूळ नळीच नव्हती. कधीतरी कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातला साधा पाण्याचा पाईप कापून लावला होता. तो तेलाला आणि उष्णतेला टिकत नाही. इंजिनच्या धगीनं वळणावर मऊ पडून चपटा झाला होता, नुसत्या डोळ्यांना नीट वाकलेला दिसायचा पण आतून दोन्ही भिंती चिकटलेल्या. थंड असताना थोडी फट राहायची, गरम झाल्यावर तीही बंद. म्हणून शाळेच्या तीन किलोमीटरला काही व्हायचं नाही आणि वंटमुरीच्या घाटात तेल बाहेर यायचं.

दुसरा, आत साचलेला गाळ. एका टोकाला गुऱ्हाळातल्या काकवीसारखा काळा चिकट थर, आणि कव्हरच्या बाजूला पिवळट, लोण्यासारखा. तो पिवळा थर बघून मी घाबरले, हेड गॅस्केट जाऊन तेलात पाणी मिसळलं की काय असं वाटलं. मिस्त्रींनी आधी डिपस्टिक बघितली, तिच्यावर तेल स्वच्छ होतं. रेडिएटरमधलं पाणी कमी झालेलं नव्हतं, त्यावर तेलाचा तवंगही नव्हता. मग तो पिवळा थर म्हणजे फक्त बाष्प. जळणातून पाण्याची वाफ तयार होतेच. इंजिन पूर्ण गरम झालं तर ती उडून जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बेळगावची ओली थंड हवा आणि तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. इंजिन तापायच्या आत बंद. ती वाफ कव्हरमध्ये आणि नळीत थंड होऊन तेलात मिसळते आणि असा लोण्याचा थर धरते. कमी चालणारी गाडी जपून ठेवलेली गाडी असते असं आपल्याला वाटतं. तिच्या ब्रीदरला मात्र हाच वापर सगळ्यात वाईट.

उपाय सोपा होता. तेल आणि उष्णता सहन करणारी रबरी नळी योग्य मापाची घेतली. बाजारात फ्युएल किंवा ऑईल होज म्हणून मागा, जुना तुकडा बरोबर न्या आणि आतला व्यास जुळवा. वळण कमी ठेवलं, दोन्ही टोकांना क्लिप लावल्या. टॅपेट कव्हर उतरवून आतली जाळी पेट्रोलनं धुतली आणि हवेनं फुंकून वाळवली. इंटेक मॅनिफोल्डकडे जाणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह (हाच वायू इंजिनात परत सोडणारी झडप) ज्या गाडीत आहे तिथे तो काढून हलवून बघायचा. आतली गोळी खुळखुळली पाहिजे. आवाज नसेल तर धुवा, तरीही नसेल तर बदला. एअर फिल्टर तेलानं माखला होता, तोही नवीन घातला.

मग तोच लाल फुगा पुन्हा नळीवर. गाडी चालू केली. पाच मिनिटं झाली तरी तो मान टाकल्यासारखा लोंबत राहिला.

इथे एक सांगायला हवं. ब्रीदर मोकळा करूनही फुगा फुगत असेल, निळा धूर येत असेल, दर हजार किलोमीटरला बरंच तेल भरावं लागत असेल, तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलेले असू शकतात. तेव्हा कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून घ्या. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्या दोघांपेक्षा बराच खाली असेल तर तिथे काम आहे. तोपर्यंत सील बदलण्यात पैसे घालवू नका.

मग गिअरबॉक्सच्या बाजूचं तेल कुठून?

ब्रीदर झाल्यावर टॅपेट कव्हर कोरडं राहिलं. पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर. या वेळी एकच बारीक रेघ उठली, आणि तिचं वरचं टोक होतं डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी.

या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकाकडून फिरतो आणि गिअरबॉक्सच्या बाजूला बसलेला असतो. त्याच्या मानेवर एक रबरी ओ रिंग असते. पंचवीस वर्षांच्या उष्णतेनं ती प्लॅस्टिकच्या बांगडीसारखी कडक होते आणि कडेनं तेल पाझरतं. ते तेल सरळ खाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्यावर पडतं. खालून बघणाऱ्याला अगदी मागचं क्रँक सील गेल्यासारखं दिसतं. मला गिअरबॉक्स उतरवायचा सल्ला मिळाला तो याच डागावरून. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत यांत्रिक पेट्रोल पंपही हेडच्या अंगाला असतो. त्याच्या पॅकिंगमधूनही अशीच गळती होते, तेव्हा तिथेही टॉर्च मारा.

ओ रिंगची किंमत एखाद्या चहा-नाश्त्याएवढी. काम मात्र जपून करायचं. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्याचं बूड आणि हेड यांच्यावर मिळून एक आडवी रेघ मारा. मी शाळेच्या पर्समधला व्हाईटनर काढून दिला, तेलकट जागा पुसून घेतली की तो छान धरतो. कॅप काढून रोटरचं (आत फिरणाऱ्या काट्याचं) टोक कुठे आहे त्याचीही खूण करा आणि मोबाईलवर फोटो काढा. बाहेर काढताना रोटर थोडा फिरतो. बसवताना तेवढा मागे धरून बसवावा लागतो, म्हणजे शेवटी खुणेवर येतो. नवीन ओ रिंगला तेलाचं बोट लावा, कोरडी ढकलली तर कापली जाते. नंतर टायमिंग लाईटनं इग्निशन टायमिंग तपासून घ्या. हे स्वतःच्या हातानं पहिल्यांदा करू नका, जाणकार शेजारी असू द्या.

जुनी ओ रिंग मी ठेवून घेतली आहे. बोटांनी वाकवली तशी तडकून तिचे दोन तुकडे झाले, आणि आतल्या कडेला ती गोल राहिलीच नव्हती, सपाट पट्टी झाली होती. दाबायला रबरच उरलं नव्हतं.

तुमच्या गाडीत दुसरीकडे असू शकतं

ऑईल बदलल्या बदलल्या गळती सुरू झाली असेल तर आधी फिल्टर बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी कधी ब्लॉकला चिकटून राहते आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसतो. अशा दोन रिंगा एकावर एक बसल्या की तेल थेंब थेंब नाही, धारेनं येतं. ड्रेन बोल्टचा वॉशरही दर वेळी नवा घाला. जुनाच वॉशर गळतो म्हणून बोल्ट आवळत गेलं की चेंबरचे आटे जातात.

ऑईल प्रेशरचा स्विच, म्हणजे डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याची वायर ज्याला जाते तो. त्याच्या मधल्या प्लॅस्टिकमधून तेल पाझरतं. वायरचं टोपण काढा. आत तेल साचलेलं दिसलं तर स्विच गेला. स्वस्त आहे, पंधरा मिनिटांचं काम.

पट्ट्याच्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या खालच्या टोकातून तेल येत असेल तर पुढचं क्रँक सील किंवा कॅम सील. या इंजिनात टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा, रबराचा आहे आणि तेलानं तो सडतो, म्हणून ही गळती थोडी असली तरी लांबवू नका. सील आणि बेल्ट एकत्रच बदला, कारण कव्हर, पुली, बेल्ट काढण्याची मजुरी तीच.

मागचं क्रँक सील खरंच गेलं असेल तर वरचं सगळं कोरडं असतं आणि तेल फक्त सांध्याच्या खालच्या छिद्रातून येतं. पुढे क्लच घसरायला लागतो: चढाला इंजिनचा आवाज वाढतो, गाडी मात्र तेवढी उचलत नाही. तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्या. वरचं कोरडं आहे हे धुऊन, पावडर मारून, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मात्र होकार देऊ नका.

गळती थांबवणारं औषध तेलात ओतायला सांगतात. ते कडक झालेलं रबर थोडं फुगवतं, काही दिवस पाझर कमी होतो. आतला दाब, तडकलेली ओ रिंग, फाटलेलं पॅकिंग यांवर त्याचा काही उपयोग नाही. तेल मात्र गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचंच घाला. जुन्या इंजिनात फार पातळ तेल घातलं की जी फट कोरडी होती तीही ओली होते.

पॅकिंग बसवताना

माझ्या टॅपेट कव्हरची कड पहिल्या दोन दुरुस्त्यांत वाकली होती. गळतंय म्हणून बोल्ट आवळले, तरी गळतंय म्हणून आणखी आवळले. पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी खाली दबतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये कमान होऊन उचललं जातं, मग तेल त्या कमानीतून येतं. मिस्त्रींनी कव्हर काचेच्या तुकड्यावर ठेवून फट दाखवली, लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातोडीनं कड सरळ केली. हेडची कड जुन्या पॅकिंगच्या कणांपासून लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं साफ केली, कारण लोखंडी पट्टीनं ॲल्युमिनियमवर चरे पडतात. रबरी पॅकिंग कोरडंच बसवलं. बोल्ट मधून बाहेर, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले. हे 6 मिमीचे बारीक बोल्ट असतात. लहान पान्याला दोन बोटांचा जोर पुरे. टॉर्क पाना असेल तर पुस्तिकेतला आकडा बघून लावा.

चेंबरला सिलिकॉन लावायचंच असेल तर बारीक सलग रेघ, जाड लेप नको. बाहेर दिसतं तेवढंच सिलिकॉन आतही दाबलं जातं. आतला तुकडा सुटून ऑईल पंपाच्या जाळीवर बसला की इंजिनला तेलच मिळत नाही, आणि मग साध्या गळतीचं इंजिनकाम होतं. लावल्यावर एक रात्र जाऊ द्या, लगेच तेल ओतून गाडी बाहेर काढू नका. आधीच्या दुरुस्तीत माझ्या चेंबरवर बाहेरून अर्धा बोट जाड सिलिकॉन होतं आणि संध्याकाळीच गाडी हातात दिली होती. ते सगळं मिस्त्रींनी खरवडून काढलं, जाळीही उघडून बघितली.

खाली काम करताना नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जाऊ नका, पक्के स्टँड लावा. काढलेलं तेल गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. आपल्या भागात विहिरी आहेत, ते मुरतं तिथेच. डब्यात भरून गॅरेजला परत द्या, ते जुनं तेल गोळा करणाऱ्यांकडे जातं.

आणि या स्थितीत गाडी थांबवायचीच: ऑईलचा लाल दिवा लागला, तेल तापलेल्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर पडून धूर किंवा जळका वास यायला लागला, किंवा डिपस्टिकवर तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं. लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही ते सांगतो. तो लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे बेअरिंग गेल्यावर कळणं. गळणाऱ्या गाडीची डिपस्टिक दर रविवारी बघायची सवय ठेवा.

दुरुस्तीनंतर तीन महिने मी पेपर अंथरून हिशोब ठेवला. निपाणीच्या तीन फेऱ्या झाल्या, दोन्ही घाट प्रत्येक वेळी. पहिल्या फेरीनंतर पेपरवर दोन थेंब होते, ते धुताना फटीत राहिलेल्या तेलाचे निघाले. पुढच्या दोन्ही वेळा काही नाही. शाळेच्या फेऱ्यांचा लोण्याचा थर परत धरू नये म्हणून आता आठवड्यातून एकदा गाडी काकतीच्या पुढे नेऊन आणते, अर्धा तास तरी इंजिन नीट तापू देते, आणि दर ऑईल बदलीला ब्रीदरची नळी काढून आरपार फुंकून बघते. टॉर्च मारल्यावर कॅम सीलची खालची कड अजून दमट दिसते. थेंब धरत नाही, पावडर मात्र तिथे चिकटते. टायमिंग बेल्ट दिवाळीच्या सुट्टीत बदलायचा आहे, तेव्हा ते सीलही बदलून घेणार आहे.